गव्याचे मोजे: सत्तरीतील एका शाळेच्या प्राणिचित्रवहीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत घडले. शाळेचे, गावाचे व संबंधित व्यक्तींचे नाव हेतुपुरस्सर दिलेले नाही. प्रस्तुत लेखक त्या वेळी तेथे विज्ञान शिकवत होता आणि शाळेच्या इको क्लबची निम्मी जबाबदारी त्याच्याकडे होती. उरलेली निम्मी चित्रकलेच्या सरांकडे होती.

शाळेपासून काही किलोमीटरवर म्हादई अभयारण्याची हद्द सुरू होते. 1999 साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 208 चौरस किलोमीटरचे आहे, आणि अवघ्या 3702 चौरस किलोमीटरच्या राज्याच्या मानाने ते लहान म्हणता येणार नाही. त्यामुळे आमच्या मुलांना वन्य प्राणी पुस्तकातून ठाऊक झालेले नाहीत. कुळागरातील (नारळ-पोफळीच्या बागेतील) कोवळे नारळ खेती, म्हणजे माकडे, पाडतात, काजूच्या बागेत साळिंदर येते, गवे रात्रीत भाजीचा मळा तुडवून जातात, आणि घरी त्याची भाषा कौतुकाची नसते. शिवाय जानेवारी 2020 मध्ये गोळावली येथे चार वाघ विषबाधेने मृत्युमुखी पडले, आणि जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य व परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. या दोन घटनांनंतर आमच्या भागात ‘वाघ’ हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी बोलणाऱ्याचा चेहरा पाहतो. चित्रवहीसारख्या साध्या उपक्रमाचाही या वातावरणाशी संबंध येईल, हे आम्ही प्रारंभी लक्षात घेतले नव्हते.

उपक्रम असा होता: आठवीच्या चोवीस विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोड्या करून परिसरातील बारा वन्य प्राण्यांची चित्रे काढावीत, प्रत्येकाबद्दल नवलाची माहिती लिहावी आणि ती चित्रवही 2 ते 8 ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात मांडावी. सुरुवात जून अखेरीस झाली. मध्ये चतुर्थीची सुट्टी धरता हातात जेमतेम तीन महिने होते.

नेमकी अडचण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाराही जोड्यांनी कच्ची पाने आणून दिली, आणि ती दिसायला सुरेख होती. अडचण तिथेच होती. बहुतेक चित्रे मोबाइलच्या पडद्यावर कागद ठेवून गिरवलेली होती. बिबट्याच्या चित्रामागे आफ्रिकेतील सपाट गवताळ मैदान आले होते. साळिंदर ‘शत्रूवर बाणासारखे काटे सोडते’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते, जे सर्रास सांगितले जाते आणि साफ खोटे आहे. काटे म्हणजे साळिंदराचे कडक झालेले केस आहेत. ते सैल असल्याने ज्याला टोचतात त्याच्या अंगात राहतात, पण साळिंदर ते फेकू शकत नाही, म्हणून ते उलट फिरून पाठमोरे धावून जाते.

सर्वांत बोलके उदाहरण उदमांजराचे होते. एका जोडीने झाडावर चढलेले, लांब शेपटीचे, काळपट तोंडाचे कांडेचोर काढले होते आणि खाली लिहिले होते की ते मासे खाते व त्याच्या बोटांमध्ये पडदे असतात. ही माहिती पाणमांजराची होती. पाणमांजराला ‘ऊद’ म्हणतात आणि कांडेचोराला ‘उदमांजर’, आणि मुलींनी शब्द शोधून जे पहिले सापडले ते उतरवले होते. चित्र एका प्राण्याचे आणि मजकूर दुसऱ्याचा असूनही त्या दोघींना, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात मलाही, काही खटकले नाही. पडदे असलेला पंजा फांदी धरील कसा, हा प्रश्न चित्रातच उभा होता, पण चित्र आणि मजकूर यांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

मग गव्याचे पान आले. गवा रेडा हा गोव्याचा राज्यप्राणी, म्हणून ते मुखपृष्ठावर घ्यायचे ठरले होते. नर शिंगांचा, मादी बिनशिंगांची आणि दोघेही नखशिखान्त काळे असे ते चित्र एका मुलीने घरी नेले. तिच्या आजोबांनी ते हातात धरून दूर नेले, जवळ आणले आणि एवढेच विचारले: “गव्याक मोजे खंय?” गव्याचे पाय गुडघ्याखाली मळकट पांढरे असतात, आणि शिंगे नर व मादी दोघांनाही असतात. ज्या माणसाने आयुष्यभर गव्यांना शेतातून हुसकावले, त्याला हे माहीत होते. त्याच्या नातीच्या चित्राला, आणि तिला शिकवणाऱ्यांना, ते माहीत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता चुका दुरुस्त करून पुढे जाण्याचा. मजकूर मी तपासायचा, चित्रे सरांनी. वेळ वाचला असता आणि प्रदर्शन नीटनेटके झाले असते, पण मग ती चित्रवही आम्हा दोघांची झाली असती.

दुसरा पर्याय मुलांना थेट जंगलात नेण्याचा. पावसाळ्यातील पायवाटा, जळवा, परवानगी आणि चोवीस मुलांची जबाबदारी हे सर्व बाजूला ठेवले तरी, चोवीस मुलांच्या पावलांच्या आवाजात एकही गवा समोर उभा राहणार नव्हता.

तिसरा पर्याय बोंडला अभयारण्याचा. ते केवळ 8 चौरस किलोमीटरचे असले तरी तेथे प्राणिसंग्रहालय आहे आणि गवे, सांबर, चितळ जवळून व दीर्घकाळ पाहता येतात. सरांचा याला विरोध होता. पिंजऱ्यातला प्राणी जंगलातल्यासारखा वागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबरच होते. माझे म्हणणे असे की आम्हाला वागणे नव्हे, तर आधी पाय, शिंग आणि पाठ पाहायची होती.

चौथा पर्याय कोणी मांडला नव्हता. तो आजोबांच्या प्रश्नातून निघाला. गावातील माणसांना माहितीचा स्रोत मानावे आणि चित्रे त्यांच्यासमोर ठेवावीत.

आम्ही तिसरा आणि चौथा एकत्र केले आणि त्यावर एक नियम बसवला: जी माहिती चित्रातील एखाद्या रेषेकडे बाण काढून दाखवता येत नाही, ती त्या पानावर लिहायची नाही. हा नियम सरांचा. मला तो सुरुवातीला बालिश वाटला होता.

प्रत्यक्ष कृती

बोंडलाची सहल जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पावसातच झाली. पहिला पाऊण तास वाया गेला. मुले रेघ ओढत, प्राणी हलला की खोडत, पुन्हा ओढत. दमट कागदावर खोडरबराने भोके पडली आणि काही जणांनी वही मिटून खाऊचे डबे उघडले. तेव्हा सरांनी सर्वांचे खोडरबर आपल्या पिशवीत गोळा केले आणि एका कागदावर एकच चित्र काढण्यास मनाई केली. प्राणी हलला की ते चित्र अर्धे सोडायचे, शेजारी दुसरे सुरू करायचे, आणि प्राणी पुन्हा पहिल्या पवित्र्यात आला की पहिल्याकडे परतायचे. प्राणी त्याच त्या चार-पाच पवित्र्यांत वारंवार येतो, हे मुलांना वीस मिनिटांत कळले. एका मुलाच्या पानावर चितळाच्या सात अर्धवट माना आणि एक पूर्ण पाय होता, आणि ते त्या दिवसाचे सर्वांत चांगले पान होते.

त्या पायावरूनच पहिला खरा प्रश्न आला. “सर, ह्याचो मागचो गुडघो उलटो वाकता.” मोबाइलवरून गिरवताना हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण गिरवणाऱ्याला सांधा कुठे आहे हे ठरवावे लागत नाही. मी त्यांना चवड्यांवर उभे राहायला सांगितले, मग टाच जमिनीपासून किती वर आली ते पाहायला सांगितले. चितळाच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकल्यासारखा दिसतो ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, आणि चितळ प्रत्येक पायाच्या दोन बोटांच्या नखांवर, म्हणजे खुरांवर, उभे असते. पुढचा अर्धा तास चोवीस मुले पावसात चवड्यांवर चालत होती.

गव्यापुढे सर्वाधिक वेळ गेला. पाठीचा उंचवटा खांद्यापासून सुरू होऊन पाठीच्या मध्यावर एकदम खाली उतरतो, ही रेषा कोणालाच जमेना. प्रत्येकाच्या हाताला बैलाच्या वशिंडाची सवय होती. वशिंड हा खांद्यावरचा मांसल उंचवटा असतो, तर गव्याच्या पाठीचा उंचवटा मणक्यांवरील लांब उभ्या हाडांनी पेललेला असतो. या ठिकाणी सरांनी आपली जुनी वही काढली. सांगे तालुक्यातील रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर जी प्राचीन कोरीव चित्रे आहेत आणि जी 1993 मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली, त्यांतील काही आकृत्या त्यांनी तेथे बसून उतरवल्या होत्या. मुलांमध्ये लगेच वाद सुरू झाला: हा बैल की गवा? हा वाद त्यांनी उंचवटा कुठे संपतो यावरून घातला. दोन आठवड्यांपूर्वी ज्यांनी मादी बिनशिंगांची काढली होती, ती मुले आता कोणा अज्ञात माणसाच्या खडकावरील रेषेची तपासणी करत होती.

शिंगांच्या बाबतीतही हाताने आधी विचारले आणि माहिती नंतर आली. चितळाच्या नराची शिंगे फांदीसारखी फुटलेली आणि गव्याची साधी वळलेली का, असे विचारल्यावर सांगता आले की चितळाची शिंगे हाडाची असतात, दरवर्षी गळतात व नव्याने येतात. गव्याची मात्र आत हाड आणि बाहेर नखासारख्या पदार्थाचे आवरण अशी कायमची असतात.

घरच्या पाहणीतून आलेली पानेही याच पद्धतीने भरली. ज्या मुलाचे आजोळ बोरी येथे आहे त्याने मगर घेतली होती. तेथे पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर करून ‘माणगे थापणी’ करतात, आणि त्याने मामाबरोबर ती केलेली होती. कुंभारजुवे कालव्यातील मगरीची चित्रफीत थांबवून थांबवून पाहताना त्याला आढळले की मगरीच्या पुढच्या पायाला पाच बोटे आहेत आणि मागच्या पायाला चार. “आमी चारूय पांयांक पांच करतात,” असे तो काहीसा ओशाळून म्हणाला. मी त्याला सांगितले की पूजेच्या मगरीला पाच असू देत, वहीतल्या मगरीला चार काढ.

याच मुलाने नियमाची मर्यादा दाखवून दिली. मगरीची अंडी ज्या तापमानात उबतात त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, ही माहिती त्याला फार आवडली होती आणि ती बाणाने दाखवता येत नव्हती. त्याने तक्रार केली. आम्ही तेव्हा नियमाला चिकटून राहिलो. त्याने घरट्याचे छेदचित्र काढून त्यात उष्णतामापी रोवला आणि बाण त्याकडे नेला. युक्ती त्याची होती, हट्ट आमचा.

माडगरुडाच्या, म्हणजे धनेश पक्ष्याच्या, पानावर चूक सरांची झाली. शाळेमागील उंबरावर येणाऱ्या माडगरुडाचे चित्र एका मुलीने दुर्बिणीतून पाहून काढले आणि डोळ्याला लांब केस असलेल्या पापण्या काढल्या. सरांनी त्या लाल पेनाने खोडून शेजारी “कार्टून नको” असे लिहिले. मुलगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने दुर्बीण सरांच्या हातात दिली. माडगरुडाला खरोखर पापण्या असतात. ते केस नसून बदललेली पिसे असतात. सरांनी आपल्या लाल शेऱ्याखाली “माझी चूक” असे लिहून सही केली, आणि ते पान तसेच, लाल पेनासकट, प्रदर्शनात लागले. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातील हे सर्वांत मोलाचे पान होते.

दोन कठीण निर्णय

पहिला प्रश्न पालकांचा. ऑगस्टमध्ये एका पालकाने शाळेत येऊन सरळ विचारले की मुलांना वाघ-बिबटे काढायला लावून शाळा व्याघ्र प्रकल्पाचा प्रचार करत आहे काय. त्यांच्या कुळागराचे त्या वर्षी नुकसान झालेले होते, त्यामुळे प्रश्नाला धार होती. मुख्याध्यापकांचे मत असे होते की मोठे प्राणी गाळावेत आणि फुलपाखरांवर भागवावे. आम्ही प्राणी गाळले नाहीत. त्याऐवजी प्रत्येक पानावर ‘घरच्यांचे म्हणणे’ अशी एक चौकट ठेवली, ज्यात त्या प्राण्याने केलेले नुकसानही लिहायचे होते. त्या पालकांनी गव्याच्या पानावर आपल्या हाताने पाच ओळी लिहून दिल्या, आणि त्यांपैकी एकही गव्याच्या बाजूची नव्हती. त्या तशाच छापल्या.

दुसरा निर्णय खवले मांजराचा, आणि तो आम्ही उशिरा घेतला. एका मुलाने वडिलांबरोबर रात्री परतताना खवले मांजर प्रत्यक्ष पाहिले होते. त्याचे चित्र आठवणीतले होते तरी त्यात पुढचे पंजे आत मुडपून टाकलेली चाल अचूक उतरली होती. त्याने खवल्यांच्या ओळी मोजून, साधारण 160 ते 200 खवले असतात या माहितीशी मेळ घालून त्या पुन्हा काढल्या. खवले आपल्या नखांच्याच पदार्थाचे असतात हे दाखवण्यासाठी पानाच्या कडेला स्वतःचा अंगठा काढला. दात नसलेले तोंड आणि लांब जीभ काढली. आणि आमच्याच तक्त्यात ‘कोठे दिसले’ असा रकाना असल्यामुळे त्याने वाडा, ओहोळ आणि काजूची बाग यांसह ठिकाणही लिहिले.

खवले मांजराची खवल्यांसाठी शिकार आणि चोरटा व्यापार होतो, हे मला माहीत होते. तरीही तो रकाना मीच छापून घेतला होता. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी वनरक्षक सहज डोकावले तेव्हा त्यांनी बोट ठेवून ते दाखवले. आम्ही त्या पानावर पांढरी पट्टी चिकटवली, पण तोवर एका पालकाने त्या पानाचे छायाचित्र कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेले होते. ते काढून टाकण्याची विनंती केली, त्यांनी ते काढलेही, आणि वनरक्षकांनी पुढील काही आठवडे त्या बाजूची गस्त वाढवली. विपरीत काही घडल्याचे कानावर आले नाही. छायाचित्र किती जणांनी उतरवून घेतले असेल, याचा हिशेब आमच्याकडे नाही.

निष्पत्ती

बारापैकी नऊ पाने पूर्ण झाली. पहिल्या फेरीतील नवलाच्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक गळाल्या, आणि ज्या राहिल्या त्या मुलांना प्रदर्शनात न वाचता सांगता आल्या, कारण बाण कोठून कोठे गेला आहे हे त्यांच्या हाताला आठवत होते. उदमांजराच्या जोडीने एकाच पानावर दोन पंजे शेजारी शेजारी काढले, एक पडद्यांचा आणि एक बिनपडद्यांचा, आणि वर दोन्ही नावे लिहिली. गव्याचे मोजे मुखपृष्ठावर आले. आजोबांना प्रदर्शनाला मुद्दाम बोलावले होते. त्यांनी मुखपृष्ठ पाहून मान हलवली आणि मग उंचवट्यावर बोट ठेवून तो अजून थोडा पुढे यायला हवा, असे सांगितले.

तोटेही झाले. दोन जोड्यांनी मध्येच सोडून दिले, कारण खोडरबराशिवायची चित्रे त्यांना ‘घाणेरडी’ वाटत होती, आणि ज्या मुलांचा हात आधीपासून सफाईदार होता नेमकी तीच नाराज झाली. त्यांच्यासाठी आमच्याकडे काही उत्तर नव्हते.

वेगळे काय करता आले असते

‘कोठे दिसले’ हा रकाना मुळातच नको होता. त्याऐवजी ‘कोणत्या प्रकारच्या जागी’ एवढे पुरेसे होते. पुढच्या वर्षी तो तसा बदलला. पालकांशी बोलणे तक्रार आल्यावर नव्हे, जूनमध्येच व्हायला हवे होते. घरच्यांच्या म्हणण्याची चौकट आम्हाला निरुपायाने सुचली, पण ती पहिल्या दिवसाची गोष्ट होती. बाणाचा नियम सुरुवातीच्या महिन्यापुरता ठेवून पुढे सैल करायला हवा होता, म्हणजे मगरीच्या अंड्यांना उष्णतामापी लागला नसता.

साळिंदराच्या काट्यांबाबत मात्र जे केले ते पुन्हा तसेच करीन. एका मुलाने बागेत सापडलेली जुडी दप्तरात घालून आणली होती. वन्य प्राण्यांचे अवयव परवानगीशिवाय बाळगण्यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली निर्बंध असल्याने ती वर्गात ठेवून घेता येत नव्हती, पण मुलाला रागावण्यातही अर्थ नव्हता. वनरक्षक येईपर्यंत वर्गाला चाळीस मिनिटे मिळाली. तेवढ्यात सर्वांनी तोच एक काटा पट्टीने मोजून, त्यावरील पांढरे-काळे पट्टे क्रमाने उतरवले, आणि मग जुडी वनरक्षकांच्या हवाली केली.

अपुऱ्या राहिलेल्या तीन पानांपैकी एक बिबट्याचे आहे. ती जोडी प्रदर्शनानंतरही थांबली नाही. विहिरीजवळच्या चिखलात उठलेला एक ठसा त्यांनी मोठ्या उत्साहाने काढून आणला, पण त्यात चारही बोटांपुढे नखांच्या खुणा होत्या. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. त्यामुळे पानावर सध्या गावातील एका कुत्र्याचा पंजा आहे, आणि त्याच्या शेजारी बिबट्यासाठी तेवढीच जागा मोकळी सोडलेली आहे.